कापसाची पेठ, तार आणि ऑनलाइन व्यापार
(खानदेशातील उद्योगांच्या स्थित्यंतराचा एक विचार)

१. विषयप्रवेश

जळगाव शहराच्या पश्चिम अंगास पिंप्राळा हे गाव आहे. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले हे गाव एके काळी स्वतंत्र होते. आज ते जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते आणि त्याच्या भोवतीच्या काळ्या जमिनीवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. ह्या वसाहतींच्या रस्त्यांवरून सकाळपासून रात्रीपर्यंत दुचाकीवर माल पोचविणारे तरुण फिरताना दिसतात. दूरच्या कोठारातून निघालेले कापड, भांडे अथवा औषध काही दिवसांत येथील घराच्या दाराशी येऊन पडते. ज्याने ते विकले त्याला ग्राहकाने कधी पाहिलेले नसते, आणि विकणाऱ्याने पिंप्राळ्याचे नावही पूर्वी ऐकलेले असेलच असे नाही. दीडशे वर्षांपूर्वी ह्याच परिसरातील कापूस बैलगाडीतून जळगावच्या पेठेत जात असे आणि तेथून मुंबईमार्गे लिव्हरपूलला पोचत असे. पिकविणारा व विणणारा ह्यांनी परस्परांना पाहण्याचा प्रश्न तेव्हाही नव्हता.

ह्या दोन व्यवहारांत केवळ बाह्य साम्य आहे, की उद्योगांच्या वाढीचा काही समान क्रम त्यांतून दिसून येतो, असा प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारासाठी घेतला आहे. ऑनलाइन व्यापाराविषयी सामान्यतः तीन विधाने केली जातात. पहिले, उत्पादक व ग्राहक ह्यांची प्रत्यक्ष गाठ पडून मध्यस्थ नाहीसा होईल. दुसरे, स्थळाचे महत्त्व संपेल. तिसरे, भाव सर्वांना एकाच वेळी कळू लागल्याने बाजार आपोआप न्याय्य होईल. ही विधाने नवी वाटतात. परंतु रेल्वे व तार ह्यांच्या आगमनाच्या वेळी ती जवळजवळ ह्याच स्वरूपात केली गेली होती. मँचेस्टर येथे १८५७ साली स्थापन झालेल्या कॉटन सप्लाय असोसिएशन ह्या संस्थेची अपेक्षाही हीच होती की, दळणवळण सुधारले म्हणजे लँकेशायरचा खरेदीदार हिंदुस्थानातील रयतेपर्यंत थेट पोचेल आणि सावकार व दलाल गळून पडतील. ह्या अपेक्षेचे खानदेशात काय झाले हे पाहणे म्हणूनच आजच्या प्रश्नाच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरावे.

२. रेल्वेपूर्वीची पेठ

रेल्वे येण्यापूर्वी खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून घाट उतरून मुंबईकडे, अथवा तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जात असे. सैल बांधलेल्या ओझ्यांत वाटेवरची धूळ बसे, पावसात माल भिजे आणि मुंबईस पोचेपर्यंत कित्येक आठवडे लोटत. ह्या काळात मुंबईचा भाव काय झाला हे गावातील शेतकऱ्याला तर नाहीच, पण पेठेतील व्यापाऱ्यालाही नीट कळत नसे. अशा स्थितीत व्यापार चाले तो ओळखीवर आणि उधारीवर. सावकार पेरणीच्या वेळी पैसे देई, पीक उभे असतानाच ते बांधून घेई आणि पुढच्या पेठेतील आपल्या अडत्याकडे पाठवी. पैशाची ने-आण हुंडीने होई.

ह्या पद्धतीत शेतकऱ्याचे शोषण होत होते ह्यात शंका नाही. परंतु ह्या मध्यस्थांच्या साखळीचे कार्य काय होते हेही समजून घेतले पाहिजे. मालाची वाहतूक, भावाची बातमी, पैशाचा पुरवठा, जोखीम उचलणे आणि मालाच्या प्रतीची हमी ही पाच कामे एकाच साखळीत गुंफलेली होती. नवे साधन येते तेव्हा ते सर्व कामे एकदम हाती घेत नाही. त्यांपैकी एखाद-दुसरे काम ते स्वस्त करते. राहिलेली कामे कोणाकडे जातात हा स्थित्यंतराच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

३. तेजीची चार वर्षे

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले आणि दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे वळल्या. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खानदेशातून पुढे सरकत होता. थळ घाटाचा अवघड चढ १८६५ साली वाहतुकीस खुला झाला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोचली. इराणच्या आखातातून तार टाकली जाऊन १८६५ पासून इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांच्यामध्ये संदेश जाऊ-येऊ लागले, आणि १८७० साली मुंबई समुद्राखालील तारेने थेट जोडली गेली. जळगावला १८६४ साली नगरपालिका स्थापन झाली ती ह्याच धामधुमीत. तत्पूर्वी सामान्य असलेले हे गाव कापसाची पेठ म्हणून नावारूपास आले त्याचे कारण रेल्वे स्थानक आणि युद्धकाळातील तेजी ह्यांचा योग होय.

तेजीबरोबर लबाडीही वाढली. रुईत सरकी, माती व जुना कापूस मिसळणे, वजन वाढावे म्हणून ती ओली करणे, हलक्या जातीचा माल चांगल्या जातीच्या नावाने विकणे, असे प्रकार सर्रास होऊ लागले. ह्याचे कारण केवळ लोकांच्या नीतीत शोधणे बरोबर होणार नाही. पूर्वीच्या लहान वर्तुळात फसवणूक करणाऱ्याचे नाव पुढच्या हंगामापर्यंत टिकून राही. आता विकणारा आणि अखेरचा घेणारा ह्यांच्यामध्ये हजारो मैलांचे अंतर पडले, मागणी अमर्याद झाली आणि माल कोणाच्या शेतातला हे ओळखण्याची खूण राहिली नाही. ओळखीचा लगाम सुटला आणि त्याच्या जागी दुसरा लगाम अद्याप आलेला नव्हता.

सरकारने दोन उपाय योजले. मुंबई कायदेमंडळाने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला व तपासणीसाठी निरीक्षक नेमले. दुसरीकडे खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर ह्यांनी देशी बियाण्याच्या जागी हिंगणघाटी बियाणे रूढ करण्याचा नेटाने प्रयत्न केला. पहिला उपाय फारसा फळला नाही. मुंबईच्या व्यापारी वर्गाचाच त्याला विरोध झाला आणि पुढे तो कायदा मागे घेण्यात आला. दंड करणारा निरीक्षक बंदरात उभा राहिला तरी चांगल्या मालाला चढा भाव देणारी प्रतवारी पेठेत नव्हती. प्रामाणिक शेतकऱ्याला त्याच्या प्रामाणिकपणाचे मोल मिळत नसेल तर केवळ शिक्षेच्या भयाने माल शुद्ध राहत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

युद्ध १८६५ च्या एप्रिलमध्ये संपले. त्याच वर्षी जुलैच्या पहिल्या तारखेस मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि बॅकबे भरणीसारख्या योजनांवर उभारलेली संपत्ती लयास गेली. कापसाचा भाव उतरला, पण तेजीत वाढलेले सारे, कर्जे आणि खर्च खाली आले नाहीत. पुणे व नगर जिल्ह्यांत १८७५ साली जे दंगे झाले त्यांची मीमांसा करणाऱ्यांनी त्यांची मुळे ह्या तेजी-मंदीपर्यंत नेऊन भिडविली आहेत. नव्या बाजाराच्या पहिल्या लाटेत होणारा लाभ आणि त्या बाजाराची कायम शक्ती ह्यांत फरक असतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

४. मध्यस्थाने जागा बदलली

तेजी ओसरल्यावर रेल्वे व तार मात्र राहिली, आणि त्यांचा खरा परिणाम पुढील पन्नास वर्षांत दिसून आला. बातमी नेण्याचे काम तारेने स्वस्त केले. त्यामुळे ज्याची सारी मिळकत भावातील अज्ञानावर अवलंबून होती असा व्यापारी मागे पडला. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स ह्यांसारख्या युरोपीय पेढ्यांनी बंदर सोडून देशावरील पेठांत आपले खरेदीदार बसविले. परंतु मँचेस्टरच्या मंडळींनी कल्पिल्याप्रमाणे त्यांची आणि रयतेची थेट गाठ पडली नाही. पेरणीच्या वेळी पैसा कोण देणार, दहा-वीस शेतकऱ्यांचा थोडाथोडा कापूस एकत्र कोण करणार आणि तो कोणत्या प्रतीचा आहे हे कोण सांगणार, हे प्रश्न तारेने सुटणारे नव्हते. गावचा सावकार व पेठेतील अडत्या टिकले ते ह्या कामांच्या बळावर. फरक इतकाच झाला की, त्यांच्या डोक्यावर आता लिव्हरपूलचा रोजचा भाव आला.

ह्याहून महत्त्वाची घटना वेगळीच होती. कापूस रेल्वेने न्यावयाचा तर तो घट्ट दाबलेल्या गासड्यांत बांधला पाहिजे. त्यासाठी प्रेस हवा, आणि प्रेसपूर्वी सरकी काढण्यासाठी वाफेवर चालणारे जिन हवे. घरोघरचे हातरेचे मागे पडले व स्थानकाजवळ जिन-प्रेसचे कारखाने उभे राहिले. पिंप्राळ्यासारख्या गावातील स्त्रियांच्या हातचे सरकी काढण्याचे काम ह्या कारखान्यांत गेले. आता जिल्ह्यातील सारा कापूस एका अरुंद दारातून जाऊ लागला आणि ज्याच्या हाती ते दार तो नवा मध्यस्थ झाला. खानदेश व वऱ्हाड ह्या दोन्ही भागांत पुढे कारखानदारांनी आपसांत संघ बांधले. जिनिंगचा दर त्यांनी ठरवून घ्यावा, नफा वाटून घ्यावा, आणि काही कारखाने बंद ठेवूनही त्यांच्या मालकांस वाटा द्यावा, अशी ती व्यवस्था होती. स्पर्धेने दर उतरतील ही अपेक्षा अशा रीतीने फोल ठरली.

ह्यावर उत्तर म्हणून जे कायदे झाले ते अभ्यसनीय आहेत. हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात आणून मिसळला जाऊ नये म्हणून १९२३ साली कापूस वाहतुकीचा कायदा झाला. जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसचे चिन्ह व अनुक्रमांक घालणे आवश्यक ठरविले. साठ वर्षांपूर्वीचा निरीक्षक जे साधू शकला नाही ते ह्या साध्या खुणेने पुष्कळ अंशी साधले; कारण परक्या बंदरात फोडलेली गासडी कोणत्या गावच्या कोणत्या कारखान्यातून निघाली हे आता सांगता येऊ लागले. ओळखीचा जो लगाम १८६० च्या दशकात सुटला होता तो दुसऱ्या रूपाने परत आला.

५. रुमालाखालचा भाव

गासडीवर खूण आली तरी पेठेतील शेतकऱ्याची स्थिती फारशी पालटली नव्हती. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने १९२५ ते १९२८ ह्या काळात निरनिराळ्या प्रांतांतील कापूस उत्पादकांच्या कर्जाची व विक्रीची जी पाहणी केली तीत खानदेशाचाही समावेश होता. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात बाजारातील गैरप्रकारांची चर्चा करून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय, नमुन्यादाखल काढून घेतलेला कापूस, कटती अशा नाना रूपांनी शेतकऱ्याच्या पदरातून पैसा जात असे. माप करणारा मापाडी अडत्याचाच माणूस असे.

ह्या साऱ्यांत विशेष लक्षणीय होती ती भाव ठरविण्याची रीत. खरेदीदार व दलाल ह्यांचे हात रुमालाखाली जात, बोटांच्या खुणांनी बोली होई आणि भाव दोघांनाच ठाऊक असे. ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा असे, परंतु आपल्या मालाला कोणी किती देऊ केले हे त्याला कळत नसे. मुंबईचा भाव तारेने रोज पेठेत येत होता. पण रुमालाखालचा भाव तारेला दिसत नव्हता. बातमी उपलब्ध असणे आणि सौदा उघड असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत.

मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा झाला आणि त्याखालील आरंभीच्या बाजारांत धुळ्याचा समावेश होतो. उघड लिलाव, परवानाधारक मापाडी, ठरीव अडत, लेखी पट्टी आणि तंट्याच्या निवाड्यासाठी शेतकरी व व्यापारी ह्यांची संयुक्त समिती ही त्या व्यवस्थेची अंगे होती. पुढे १९३९ च्या कायद्याने ती अन्य शेतमालास लागू झाली आणि महाराष्ट्र राज्याच्या १९६३ च्या कायद्याने आजच्या बाजार समित्यांची घडण झाली. ह्या समित्यांतही पुढे स्वार्थ शिरला, नवे बाजूचे व्यवहार सुरू झाले आणि समितीच एक अरुंद दार बनली, ही टीका निराधार नाही. राज्याने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली तेव्हा सरकार हाच एकमेव मध्यस्थ झाला. प्रतवारीचे वाद व पैसे मिळण्यातील विलंब ह्यांच्या तक्रारी तेव्हाही राहिल्याच. दाराचा मालक बदलला म्हणजे दार रुंद होतेच असे नाही.

६. धंदा जातो, काय उरते?

आतापर्यंत बाजाराचा विचार केला. आता त्यावर पोसलेल्या उद्योगांकडे वळू. जळगावात १८७४ च्या सुमारास खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. अमळनेरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रताप मिल निघाली. जेथे कच्चा माल तेथेच कापड, हा त्यांचा हिशेब होता आणि अर्धशतकाहून अधिक काळ तो खरा ठरला. पुढे जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा व कृत्रिम धागा ह्यांमुळे गिरण्यांचे युग सरले. जळगावची गिरणी बंद पडली. तिच्याशी निगडित असलेल्या मूळजी जेठा ह्या घराण्याचे नाव आज शहरात ऐकू येते ते महाविद्यालयाच्या रूपाने. अमळनेरात प्रतापशेठजींच्या दातृत्वातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेही कापसाच्याच पैशाचे फळ होय. गिरणी बंद झाली म्हणजे मालकाच्या भांडवलाला दुसरी वाट सापडते. साचेवाल्याच्या हातातील कसबाला ती सहसा सापडत नाही. स्थित्यंतराचा हिशेब मांडताना हा खर्च बहुधा वगळला जातो, म्हणून त्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे.

ह्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. मुंबईचे व्यापारी महंमद हाशम प्रेमजी हे तिचे संस्थापक. खानदेशातील भुईमूग व इतर तेलबिया, रेल्वे आणि जवळची पेठ ह्यांच्या आधारे वनस्पती तूप व पुढे धुण्याचा साबण हे तिचे उत्पादन होते. संस्थापकांच्या निधनानंतर १९६६ साली कारभार त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी ह्यांच्याकडे आला. १९७७ मध्ये कंपनीचे नाव विप्रो झाले. आयबीएम कंपनीने भारतातील व्यवहार आवरते घेतल्यानंतर जी पोकळी निर्माण झाली तीत ह्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या धंद्यात प्रवेश केला. तुपाच्या कारखान्यातून संगणकसेवा निघाली हे चमत्कारासारखे सांगितले जाते. वस्तुतः तेलबियांचे ज्ञान संगणकाच्या उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली ती खरेदी-विक्रीची शिस्त, हिशेबाची पद्धत, दूरवर पसरलेले वितरण आणि भागधारकांचा विश्वास. अमळनेरच्या ज्या सामान्य कुटुंबांनी कंपनीचे भाग घेऊन जपून ठेवले त्यांना त्याचे फळ मिळाले. मात्र संगणकाचा धंदा वाढला तो बंगळूरला. स्थळाचे महत्त्व संपते असे म्हणतात तेव्हा हे उदाहरण आठवावे. कापसाच्या काळात स्थळाचे महत्त्व जमिनीमुळे होते, नव्या धंद्यात ते शिकलेल्या माणसांच्या वस्तीमुळे आले.

दुसरे उदाहरण जळगावचेच आहे. वाकोदचे भवरलाल जैन ह्यांनी १९६३ साली रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला. शेतीस लागणाऱ्या वस्तूंचा व्यापार करता करता १९७८ साली बंद पडलेला केळीच्या भुकटीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले. १९८० पासून पीव्हीसी नळ्या आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन असा पुढचा क्रम आहे. रॉकेल, पपेन व नळी ह्या वस्तूंत काही साम्य नाही. परंतु प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक किंवा पुरवठादार तोच खानदेशी शेतकरी होता आणि त्याची गरज ह्या धंद्याला आतून माहीत होती.

ह्या दोन उदाहरणांवरून असे अनुमान काढता येते की, उद्योगाचे यंत्र व उत्पादन पालटते तेव्हा टिकून राहते ते त्याने मिळविलेले ज्ञान व नाव. ज्यांचे ज्ञान यंत्रातच अडकलेले होते ते उद्योग यंत्राबरोबर गेले.

७. ऑनलाइन व्यापाराचा प्रश्न

वरील विवेचनाच्या प्रकाशात आजच्या प्रश्नाकडे पाहू. न पाहिलेला माल दुरून मागविणे हे इंटरनेटने आणलेले नावीन्य नव्हे. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली आणि १८८० मध्ये मनिऑर्डर आली. व्ही. पी. ने पुस्तके, औषधे व घड्याळे मागविणारी मराठी कुटुंबे मागील पिढीपर्यंत होती. माल हाती आल्यावर पैसे देणे, ही आजच्या ऑनलाइन कंपन्यांनी रूढ केलेली सोय व्ही. पी. चेच नवे रूप आहे. आणि पुडके फोडल्यावर आत भलतेच काही निघण्याचा अनुभवही तेव्हापासूनचाच आहे.

पहिला टप्पा, म्हणजे तेजी व भेसळ, ऑनलाइन व्यापारात स्पष्ट दिसून आला. नकली मालाच्या तक्रारी आणि पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय ही ओल्या रुईचीच आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. त्यावरील उपायही ओळखीच्या वाटेनेच आले. ग्राहक संरक्षणाचे ई-वाणिज्यविषयक नियम २०२० साली लागू झाले व विक्रेत्याने खोटे अभिप्राय देऊ नयेत असे त्यांत सांगितले गेले. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये अभिप्रायांसाठी मानक प्रसिद्ध केले. जळगावच्या सराफ बाजारात ह्याच स्थित्यंतराचे दुसरे रूप पाहावयास मिळते. पिढ्यान्पिढ्या सोन्याची शुद्धता पेढीच्या नावावर चालत आली; २००० साली हॉलमार्कची योजना सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. दागिन्यावरील सहा अक्षरांकांचा क्रमांक आणि गासडीवरील प्रेसचे चिन्ह ह्यांचे कार्य एकच आहे.

शेतमालाच्या बाबतीत १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम ह्या राष्ट्रीय बाजाराचा आरंभ झाला. दूरच्या व्यापाऱ्याने पडद्यावर बोली लावावी ही त्यामागील कल्पना. परंतु न पाहिलेल्या मालावर बोली लावण्यासाठी विश्वसनीय प्रतपरीक्षा, वाहतूक व तंट्याचा निवाडा ह्यांची आवश्यकता असते. ही अडचण लिव्हरपूलची तार खानदेशात आली तेव्हाचीच आहे. रावेर-सावद्याच्या केळीचा भाव आज शेतकऱ्याला बांधावर मोबाइलवर कळतो. तरीही कापणी झालेला घड थांबू शकत नाही, आणि गाडी कोण आणणार हे ज्याच्या हाती आहे त्याचेच वजन सौद्यात अधिक पडते.

दुसरा टप्पा अरुंद दाराचा. विक्री करावयाची तर आज मोजक्या मोठ्या मंचांवरून करावी लागते. मंचाचे दलालीचे दर, मालाला मिळणारी जागा आणि परताव्याच्या अटी मंच ठरवितो. जिन-प्रेसच्या संघाशी ह्याची तुलना अवाजवी होणार नाही. कोणता माल पडद्यावर वर दिसावा व कोणता खाली, हे ठरविण्याची रीत २०२० च्या नियमांनुसार सांगणे मंचावर बंधनकारक आहे. एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करण्यासही ते नियम प्रतिबंध करतात. नियम झाले ह्यावरूनच भीती कोणती होती हे कळते. रुमालाखालचा भाव पुन्हा येण्याची ती भीती आहे. पडद्यावर भाव सर्वांना दिसतो असे आपण मानतो. परंतु दोन ग्राहकांच्या पडद्यांवर तोच भाव दिसतो की नाही हे तिसऱ्याला कळण्याचा मार्ग सहजी उपलब्ध नाही.

येथे तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तारखाते व्यापाऱ्याचा संदेश पोचवी, परंतु त्या संदेशांवरून स्वतः कापसाचा व्यापार करीत नसे. आजचा मंच विक्रेत्याचे गिऱ्हाईक कोण, ते काय पाहते व कशावर थबकते, ह्या सर्वांची नोंद ठेवतो. पूर्वीच्या दुकानदाराची खतावणी हे त्याचे खरे भांडवल होते. दुकान जळाले तरी खतावणी वाचली म्हणजे धंदा पुन्हा उभा राही. ऑनलाइन व्यापारात ही खतावणी दाराच्या मालकाकडे जाते. जिन-प्रेसच्या मालकाजवळ इतकी सत्ता कधीच नव्हती. खुल्या जाळ्याच्या स्वरूपात २०२२ पासून सुरू झालेला ओएनडीसी हा सरकारी पुढाकाराचा प्रयोग ह्या प्रश्नावरील एक उत्तर म्हणून पुढे आला आहे. त्याची परीक्षा त्याच्या हेतूवरून न होता छोट्या विक्रेत्याची खतावणी त्याच्याजवळ राहते की नाही ह्यावरून व्हावयास हवी.

८. समारोप

आतापर्यंतच्या चर्चेतून निघणारे निष्कर्ष असे. नवे साधन मध्यस्थाचे एखादे काम स्वस्त करते, मध्यस्थतेची गरज नाहीशी करीत नाही. ती गरज साधनाच्या सर्वांत अरुंद ठिकाणी जाऊन बसते. अंतर वाढले की ओळख तुटते आणि काही काळ भेसळीस रान मोकळे मिळते; त्यातून बाजार सावरतो तो मालाच्या मुळाचा माग लागेल अशा खुणेने व चांगल्या मालाला चढा भाव देणाऱ्या प्रतवारीने. भावाची बातमी सर्वत्र पोचली तरी सौदा उघड झाल्याखेरीज दुर्बल पक्षाला तिचा लाभ होत नाही. आणि उद्योग टिकतो तो यंत्रामुळे नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या गरजेचे ज्ञान व आपले नाव त्याने स्वतःजवळ राखल्यामुळे.

ह्या निष्कर्षांचा ऑनलाइन व्यापार करू इच्छिणाऱ्या तरुणाला उपयोग आहे. पडद्यावर दुकान मांडणे हे आज स्थानकावर गाडी नेण्याइतके सोपे झाले आहे. सर्वांना जे सोपे असते त्यात कोणाचाही विशेष लाभ नसतो. आपल्या मालाची प्रत कोण सांगणार, आपले गिऱ्हाईक कोणाच्या वहीत नोंदले जाणार आणि दार बंद झाले तर दुसरी वाट कोणती, हे तीन प्रश्न त्याने आधी विचारावेत.

कापसाच्या पेठेतील रुमाल दूर होण्यास १८६३ च्या पहिल्या कायद्यापासून १९२७ च्या कायद्यापर्यंत चौसष्ट वर्षे लागली. त्या चौसष्ट वर्षांत खानदेशातील शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या आपल्याच मालाचा भाव न कळता पेठेतून परतल्या. ऑनलाइन व्यापाराच्या बाबतीत तितका काळ लागू द्यावयाचा की काय, ह्याचा निर्णय यंत्रे करणार नाहीत. त्यासाठी पेठांच्या ह्या इतिहासाचा अधिक बारकाईने, गावागावच्या दप्तरांतून व पेढ्यांच्या जुन्या वह्यांतून अभ्यास होणे अगत्याचे आहे. खानदेशातील विद्यार्थ्यांना हे साधन घराजवळ उपलब्ध आहे. जुन्या पेढ्या मोडत असताना त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी ते काम हाती घेतले जावे.